चौकाकडची खोली

"खिडकी उघडा," बाई म्हणाल्या.

मॅनेजर घुटमळला. खिडकी उघडली की चौकातला सगळा आवाज आत येतो, म्हणून ती बंदच ठेवतो, असं त्यानं हिंदीत सांगितलं. मागच्या बाजूची खोली रिकामी आहे, तिथं झोप छान लागते, असंही म्हणाला. बाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहत सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा खिडकीकडे बोट केलं.

त्यानं खिट्टी काढली. टेम्पोंचे भोंगे, समोरच्या कॅसेटच्या दुकानातलं गाणं, उसाच्या रसाच्या गाड्यावरची घुंगरं, फळवाल्यांच्या आरोळ्या, सगळं एकदम खोलीत शिरलं. शांबाकाकांनी तबल्याची पिशवी खाली ठेवली आणि कपाळ चोळलं. सरवटेसाहेब काहीतरी म्हणाले ते मला ऐकूच आलं नाही.

"हीच खोली," बाई म्हणाल्या. "आता आणखी हिंडायला नको."

ही गोष्ट ग्वाल्हेरची, लष्कर भागातल्या महाराज बाड्यावरची. बाडा म्हणजे तिथला मोठा चौक. चारही बाजूंना जुन्या, कमानीच्या भव्य इमारती आणि मधे दिवसभर माणसांची रीघ. आम्ही शनिवारी सकाळी गाडीतून उतरलो होतो आणि रविवारी सकाळी बाईंची मैफल होती. बाई म्हणजे वेणूबाई हळबे. मी त्यांच्याकडे दहा वर्षं शिकत होते आणि त्यांच्यामागे तंबोऱ्यावर बसत होते. शांबाकाका त्यांचे जुने तबलजी, मूळचे गोव्याकडचे. सरवटेसाहेब तिथल्या संगीत मंडळाचे कार्यवाह. पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेरला राहिलेलं मराठी घराणं, त्यामुळे त्यांचं मराठी हिंदीला टेकलेलं होतं.

त्यांनी आमची सोय किल्ल्याच्या पायथ्याच्या एका अतिथिगृहात केली होती. बाग, रुंद व्हरांडा, बाहेर मोर. मंडळाचे बाकीचे कलावंतही तिथंच उतरले होते. "संध्याकाळी सगळे व्हरांड्यात बसतात, बाई. गप्पा होतात, कोणी काही गुणगुणतो. आपल्याला आवडेल," सरवटे म्हणाले होते.

बाईंनी व्हरांडा पाहिला, तिथल्या वेताच्या खुर्च्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "इथं फार शांत आहे. मला झोप यायची नाही."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. या बाईंनी नागपूरला पाण्याच्या पंपाचा आवाज येतो म्हणून एका रात्रीत दोन खोल्या बदलायला लावल्या होत्या. पुण्याला रियाजाच्या वेळी शेजारणीचं मसाला कुटणं त्यांनी स्वतः जाऊन थांबवलं होतं. सरवट्यांनी मग दुसरं हॉटेल दाखवलं, गुलाबाच्या बागेसमोरचं. तिथंही बाईंनी मान हलवली. शेवटी त्यांनीच विचारलं, "गावात अगदी मधोमध काही नाही का? बाजारात?"

"आहे, बाई. पण तिथं माणसं माल घ्यायला येऊन उतरतात. कलावंत नाही."

"आम्ही उतरू," बाई म्हणाल्या.

तर अशी आम्हाला ती खोली मिळाली. सरवटे दुखावले होते. पण पाहुण्यांपुढे बोलायचं नाही म्हणून हसत हसत खाली गेले.

मी मात्र चिडले होते. चिडायला माझं कारण होतं. चार-पाच महिन्यांपूर्वी इंदूरच्या एका संस्थेनं मला गायला बोलावलं होतं. एकटीला, पुढं बसून. ते मी बाईंना अजून सांगितलं नव्हतं. सांगायचा धीर होत नव्हता. त्यांना कुठून तरी कळलंय असं मला वाटू लागलं होतं, कारण गेले काही महिने बाई माझ्याशी वेगळ्याच वागत होत्या. शिकवताना डोळे मिटायच्या त्या, आता माझ्याकडे टक लावून बसत. चुकले तरी टोकत नसत. मी काही विचारलं की कधी उत्तर देत, कधी तशाच उठून जात. बाकीच्या मुली म्हणायच्या, बाई हल्ली तंद्रीत असतात. मला ती तंद्री वाटत नव्हती. मला वाटायचं, त्यांनी माझ्यावरून हात काढून घेतलाय.

आणि आता हे हॉटेल. उद्याची मैफल तोडीची. मला त्यांच्यामागे सूर भरायचा होता, आणि या खोलीत तंबोरासुद्धा धड लागणार नव्हता. मला जमू नये म्हणूनच हे चाललंय, असं माझ्या मनानं घेतलं.

"शांबाकाका, तुम्ही तरी सांगा ना त्यांना," मी जिन्यात त्यांना गाठून म्हटलं.

"काय सांगू?"

"की इथं रियाज होणार नाही."

काकांनी पानाचा डबा उघडला, पान निवडलं, पुसलं. "वसू, बाईंनी एवढी वर्षं गाणं केलंय. त्यांना काय हवं ते त्यांना कळतं." आणि माझ्याकडे न बघता ते खाली गेले.

दुपारच्या जेवणाला आम्ही खोलीतच बसलो. खिडकी उघडीच. एकमेकांशी बोलायचं तर तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडावं लागत होतं. खानावळीचा माणूस ओरडत होता, काका ओरडत होते, मी ओरडत होते. बाई मात्र कितीतरी दिवसांनी मोकळ्या दिसत होत्या. त्या दिवशी त्या चक्क गप्पा मारत होत्या. माणूस जवळ आला की त्याच्या चेहऱ्याकडे बघत, हसत. वाढणाऱ्याला त्याचं गाव विचारलं, मुलंबाळं विचारली. मला त्याचंही नवल वाटलं आणि रागही आला.

जेवण झाल्यावर मी तंबोरा काढला. पूर्वी बाई तंबोरा कुणाला हात लावू देत नसत. गेल्या वर्षापासून म्हणायला लागल्या, "तूच लाव. तुझी परीक्षा." त्याचा मला केवढा अभिमान होता. मी खुंट्या पिळल्या, मणी सरकवले, पण त्या गदारोळात जोडाच्या तारा जुळल्यात की नाही हेच मला कळेना.

"लागत नाही, बाई," मी ओरडले.

त्या शेजारी येऊन बसल्या. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर तळहात ठेवला आणि मला तारा छेडायची खूण केली. मी छेडत राहिले. त्यांचे डोळे भोपळ्यावर खिळले होते.

"तुला बरोबर वाटेल तेव्हा थांब," त्या म्हणाल्या.

चार वाजायच्या सुमाराला सरवटे आले. सकाळचा कार्यक्रम कसा असावा, गाडी केव्हा पाठवू, हे ठरवायला. बाई खिडकीपाशी खुर्ची ओढून, आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. लांबचं बघायचा चष्मा टेबलावर होता. मी सरवट्यांना पाणी दिलं आणि तेवढ्यात मला जाणवलं की आपण हळू आवाजात बोलतोय.

बाहेर शांत झालं होतं.

मी खिडकीशी जाऊन पाहिलं. चौक माणसांनी भरला होता. कॅसेटचं दुकान बंद, रसाची गाडी बंद, टेम्पो अडवलेले. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसंच माणसं चालत होती आणि कुणाच्या तोंडातून शब्द नव्हता. फक्त चपलांचा घासल्यासारखा आवाज वर येत होता.

"व्यापाऱ्यांचा मूक मोर्चा आहे," सरवटे मागून म्हणाले. "कुठल्याशा कराच्या विरोधात. सगळ्यांनी तोंडाला काळ्या फिती लावल्यात बघा. मी येतानाच थांबलो होतो. असा बाडा मी जन्मात कधी पाहिला नव्हता. टाचणी पडली तर ऐकू येईल."

बाई गर्दीकडे बघत होत्या. त्यांनी कपाळाला आठी घातली, दोन्ही कानांवर हात ठेवले आणि मोठ्यानं म्हणाल्या,

"काय हा गोंगाट! वसू, खिडकी लाव गं. डोकं उठलं माझं."

मी जागची हलले नाही. सरवट्यांच्या हातातला पाण्याचा पेला ओठांपाशी थांबला होता. ते माझ्याकडे बघत होते आणि मला त्यांच्याकडे बघायचं नव्हतं. बाईंना सरवटे आल्याची चाहूलही नव्हती. त्या कानांवर हात ठेवून, खाली वाहणाऱ्या त्या मुक्या गर्दीकडे बघत बसल्या होत्या.

मग मी हसले. कसं हसू आलं कुणास ठाऊक. "बाईंची थट्टा तुम्हाला ठाऊक नाही, साहेब," मी म्हटलं. "एवढी शांतता झाली ना, म्हणून बोलल्या." मी खिडकी लावली. बाईंच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना माझ्याकडे वळवलं आणि ओठ स्पष्ट हलवत म्हटलं, "सरवटेसाहेब आलेत. गाडी केव्हा पाठवू विचारतात."

बाई सावरल्या. गाडीची वेळ ठरली. सरवटे निघाले. मी दारापर्यंत पोचवायला गेले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "बाईंची तब्येत ठीक आहे ना?"

"प्रवासाचा शीण आहे," मी म्हटलं.

मी परत आले तर बाई खुर्ची फिरवून बसल्या होत्या. माझा चेहरा पाहिला आणि त्यांना कळलं.

"बाहेर काय होतं?" त्यांनी विचारलं.

"मूक मोर्चा."

त्यांना शब्द लागला नाही. मी पुन्हा म्हटलं. तरी लागला नाही. मग मी तोंडावर आडवा हात धरून दाखवला आणि खिडकीकडे बोट केलं. त्यांनी बराच वेळ बंद खिडकीकडे पाहिलं.

"सरवट्यांच्या देखत?"

मी मान हलवली.

"बस इथं," त्या म्हणाल्या. "समोर बस."

डावा कान दोन वर्षांपूर्वीच गेला होता. उजवा गेल्या पावसाळ्यापासून मंदावत गेला. मुंबईच्या डॉक्टरांनी यंत्र दिलं होतं, पण त्यातून सूर पत्र्यावर पडल्यासारखे येतात म्हणून त्यांनी ते कपाटात टाकलं होतं. हे सगळं त्या एखाद्या तिसऱ्याच बाईबद्दल सांगावं तसं सांगत होत्या.

"मग गाता कशा?"

"माझा गळा मला आतून कळतो. हाडातून येतो. तंबोरा येत नाही. म्हणून तुला चिकटून बसायला सांगते. भोपळा पाठीला लागला की त्याची थरथर कळते. शांबा समेला मान जरा जास्तच हलवतो, ते मला दिसतं."

म्हणजे काकांना ठाऊक होतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू शिकायचं सोडून माझी कीव करत बसली असतीस." त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "त्या व्हरांड्यात चार गवई बसले असते, वसू. कुणीतरी गुणगुणताना गळ्यातून हळूच एक जागा घेतली असती आणि विचारलं असतं, बाई, ही कशी वाटली? इथं बाजारात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. सगळे तोंडासमोर येऊन बोलतात."

मी रडायला लागले नाही. रडायला हवं होतं असं नंतर वाटलं. तेव्हा मी एकच विचारलं. "इंदूरवाल्यांचं तुम्हाला माहीत आहे?"

"त्यांनी आधी मलाच बोलावलं होतं," बाई म्हणाल्या. "मी तुझं नाव सांगितलं. तू केव्हा सांगतेस याची वाट बघत होते."

मी खाली बघितलं. त्यांनी हनुवटीला धरून माझं तोंड वर केलं, कारण मी खाली बघून काही बोलले असते तर त्यांना ते कळलं नसतं.

"आता उद्याचं ऐक. तू मागे नाही, शेजारी बसायचंस. तोडीचा गंधार मला आता भरवशाचा राहिला नाही. तो जागेवरून जरा वर चढला की माझ्या गुडघ्यावर हात ठेव. मी सावरेन. दुसऱ्यांदा ठेवावा लागला, तर मी थांबेन. तिथून पुढे तू घ्यायचंस."

"बाई, मी कसं ठरवू?"

"मग कोण ठरवणार?"

"शांबाकाका..."

"शांबा माझ्यावर माया करतो. तो कधीच हात ठेवणार नाही."

खाली मोर्चा संपला असावा, कारण बंद खिडकीतूनही एकेक भोंगा ऐकू यायला लागला होता.

सकाळी सभागृह भरलेलं होतं. मंडळींनी जुन्या पद्धतीची बैठक मांडली होती, पांढरी चादर, लोड, समोर समई. दुसऱ्या तंबोऱ्यावर तिथलीच एक मुलगी होती. मी बाईंच्या डाव्या हाताला बसले, माझ्या तंबोऱ्याचा भोपळा त्यांच्या मांडीला टेकवून. पहिल्या रांगेत सरवटे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

बाईंनी षड्‌ज लावला. आजही सांगते, मी ऐकलेला त्यांचा सर्वांत चांगला षड्‌ज तो. लोकांनी बसल्या जागी पाय आवरून घेतले. आलापी सुरू झाली. धैवत, षड्‌ज, रिषभ. बाई इतक्या सावकाश पुढे सरकत होत्या की मला एकेक सूर येण्याआधीच त्याची धास्ती वाटत होती. गंधार आला. जिथं हवा तिथं होता. पुन्हा आला. पुन्हा तिथंच. मी तारा छेडत होते आणि मनात म्हणत होते, गरज लागणार नाही, हात ठेवायची वेळच येणार नाही.

ख्यालाच्या अर्ध्यावर तो चढला. केसाएवढा. समोरच्यांतल्या फार थोड्यांना कळला असेल. मी डावा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. बाईंनी तान घेत असल्यासारखी मान कलती केली, हनुवटी तंबोऱ्याच्या दांडीला जवळजवळ टेकवली आणि पुढच्या आवर्तनात गंधार खाली आणला. लोकांतून वाहवा आली. शांबाकाकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर तबल्यावर वळवली.

त्यानंतर बाई फार छान गायल्या. म्हणून दुसरी वेळ अवघड होती. अंतरा झाला होता, त्या परत मुखड्यावर येत होत्या आणि गंधार पुन्हा चढला. या वेळी जास्त. पण लोक खूश होते, लय रंगली होती, सरवटे डोळे मिटून डुलत होते. मी हात ठेवला नसता तर कुणी काही म्हणालं नसतं. पुढच्या आवर्तनात कदाचित तो आपोआप उतरलाही असता. मी हात ठेवला तर पुढे मी गाणार होते, आणि ते मला हवं होतं. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एकदमच आल्या. कुठली आधी आली ते मला सांगता येणार नाही.

पुढच्या आवर्तनातही गंधार तिथंच होता.

मी हात ठेवला.

बाई समेवर आल्या आणि थांबल्या. एका क्षणात, जणू तिथंच थांबायचं ठरलं होतं. मग लोकांकडे पाहून त्यांनी नमस्कार केला. "मी आता दमले," त्या हसून म्हणाल्या. "पुढची तोडी वसुधा म्हणेल. ती माझी शिष्या. तिला ऐका."

शांबाकाकांचे हात तबल्यावर ठेका धरून होते. त्यांनी ठेका सोडला नाही, पण त्यांचे डोळे भरले होते. मला श्वास घ्यायला एक आवर्तन जाऊ द्यावं लागलं. दुसऱ्या आवर्तनात मी मुखडा उचलला. बाईंनी माझ्या हातातून तंबोरा काढून स्वतःच्या खांद्याला लावला आणि माझ्या तोंडाकडे वळून बसल्या. जवळपास तासभर मी गायले. त्या सगळ्या वेळात त्यांनी नजर काढली नाही.

संपलं तेव्हा माणसं व्यासपीठावर चढली. कुणी माझं कौतुक केलं, कुणी बाईंच्या पाया पडलं. गडबड जरा कमी झाल्यावर सरवटे माझ्याजवळ आले. बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या, तरी त्यांनी आवाज खाली घेतला.

"बाई अजून गायल्या असत्या तरी चाललं असतं," ते म्हणाले. "आम्ही समजून घेतलं असतं."

"त्यांना ते नको होतं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. कालची गोष्ट त्यांनी काढली नाही. पुढेही कधी कुणापाशी काढली नाही, एवढं मला ठाऊक आहे.

व्यासपीठामागच्या छोट्या खोलीत बाई एकट्या बसल्या होत्या. मी आत जाऊन दार लोटलं.

"दुसऱ्यांदा हात ठेवलास तेव्हा नक्की चढला होता?" त्यांनी विचारलं.

"हो, बाई. दोन आवर्तनं."

"पहिल्यालाच का नाही ठेवलास?"

"उतरेल असं वाटलं."

त्यांनी ते मनाशी पडताळून पाहिल्यासारखं केलं. मग शेजारची सतरंजी थापटली. मी बसायला गेले तशा म्हणाल्या, "तिथं नाही. समोर."

मी समोर बसले.

"आता तू काय गायलीस ते सांग."

मला आधी समजलं नाही. "बाई?"

"मला ऐकू आलं का ते? लोक टाळ्या वाजवत होते ते दिसलं. शांबा खूश होता ते दिसलं. गाणं कसं झालं? पहिल्यापासून सांग. मुखडा कुठून उचललास?"

मी सांगू लागले. एकेक शब्द सुटा करून, हातानं सुरांची चढउतार दाखवत. बाई मधेच थांबवून विचारत होत्या. तिथून धैवतावर कशी गेलीस? किती थांबलीस? तिथं थांबायचं कारण काय? अंतऱ्याला टाळी पडली तेव्हा मी घाई केली, हे मी सांगणार नव्हते. सांगितलं.

"का केलीस?"

"टाळी पडली म्हणून."

बाई हसल्या. मग सरवटे दार ढकलून, पानं वाढलीत, चला, असं म्हणाले. बाईंची त्यांच्याकडे पाठ होती. मी बाईंना खुणेनं सांगितलं.

"जेवायला उशीर झाला तरी चालेल," बाई माझ्या तोंडावरची नजर न काढता म्हणाल्या. "हं. घाई केलीस. मग?"